नंबर, रँक, नाव

अर्ज मागे घ्यायची मुदत तीन वाजता संपत होती. अडीच वाजून गेले होते आणि कॅप्टनसाहेब माझ्या टेबलासमोर खुर्चीत ताठ बसून होते. माघारीचा फॉर्म त्यांच्या पुढ्यात होता. त्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता.

ही अठ्ठ्याहत्तरची विधानसभा निवडणूक. मी तेव्हा सातारा जिल्ह्यात नायब तहसीलदार होतो आणि निवडणुकीपुरता असिस्टंट रिटर्निंग ऑफिसर. रिटर्निंग ऑफिसर म्हणजे ज्याच्या सहीनं मतदारसंघाची निवडणूक पार पडते तो अधिकारी. ते काम प्रांतसाहेबांकडे होतं. असिस्टंट म्हणजे ज्याच्या सहीनं विशेष काही होत नाही, पण गडबड झाली तर ज्याचं नाव आधी निघतं तो.

बाहेर कडुलिंबाखाली एक जीप उभी होती. विरोधकांनी ह्या वेळी एकत्र येऊन एका तरुण वकिलांना उभं केलं होतं, त्यांची माणसं त्या जीपभोवती विड्या ओढत होती. त्यांनीच कॅप्टनसाहेबांना समजावून, हातापाया पडून कचेरीपर्यंत आणलं होतं. कॅप्टनसाहेबांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. तो त्यांनी मागे घेतला तर वकील निवडून येण्याची चांगली शक्यता होती. नाही घेतला तर मतं फुटणार हे उघड होतं.

मतदारसंघाचं नाव मी सांगणार नाही. गावाचं नाव आणि माणसांची नावंही बदलली आहेत. एवढंच सांगतो की सातारा जिल्ह्याचा सांगलीकडे झुकलेला तो भाग. खालच्या अंगाला कॅनॉल, ऊस आणि साखर कारखाना. वरच्या अंगाला औंधकडे पसरलेला माळ, त्यावर ज्वारी-बाजरी आणि बहुतेक घरांतला एखादा तरी माणूस फौजेत. खालची मतं कारखान्याचे संचालक भाऊसाहेब यांची, वरची विरोधकांची, असा साधारण हिशेब. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. कलेक्टर कचेरीत ह्या सीटला 'काठावरची' म्हणायचे आणि तिचं नाव निघालं की बंदोबस्ताची फाइल उघडायचे.

बासष्टला सत्ताधारी पक्ष इथे आरामात आला होता. सदुसष्टला वरच्या गावांनी त्याला पाडलं, आणि फेरमोजणीच्या मागण्यांनी मोजणारी माणसं घायकुतीला आली. बहात्तरला राज्यभर सत्ताधाऱ्यांची लाट होती. इथे मात्र त्यांचे भाऊसाहेब कसेबसे तगले. एका लग्नाच्या पंगतीला बसतील एवढ्याच माणसांचा फरक. पडले ते कॅप्टनसाहेब.

दर निवडणुकीआधी ह्या मतदारसंघाचा अहवाल कलेक्टरांना जायचा. मागचा इतिहास, ह्या वेळची शक्यता, पोलीस किती लागतील. तो लिहायचं काम माझ्याकडे असे. अठ्ठ्याहत्तरला मी लिहिलं होतं, लढत दुरंगी झाली तर भाऊसाहेब अडचणीत, तिरंगी झाली तर निवांत. हे लिहायला फार डोकं लागत नव्हतं.

आता कॅप्टनसाहेबांविषयी. ते ऑनररी कॅप्टन. म्हणजे साधा जवान म्हणून भरती होऊन पायरीपायरीनं वर चढलेल्या माणसाला नोकरीच्या अखेरीस मानानं दिलेला हुद्दा. पेन्शनीवर आपल्या गावी, माळेवाडीला आल्यावर ते घरात बसले नाहीत. भरतीला जाणाऱ्या पोरांना पहाटे माळावर पळवायचे. कुणा विधवेची पेन्शन अडली, कुणा जवानाच्या बायकोची घरखर्चाची मनिऑर्डर आली नाही, कुणाच्या आईला मिरजेला दवाखान्यात न्यायचं आहे, सगळं आप्पांकडे. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. आमच्या कचेरीत तर ते दर बाजारच्या दिवशी दिसत. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट आणि हातात दुसऱ्याच कुणाचा तरी कागद. आमचे क्लार्क लोक त्यांना बघून टेबल सोडून चहाला पळत. ते तिथंही जाऊन गाठायचे.

बहात्तरच्या मोजणीत काय झालं ते सांगायला हवं. त्यासाठी टपाली मत म्हणजे काय ते थोडक्यात.

फौजेतला माणूस सरहद्दीवर असतो. तो गावी येऊन मत देऊ शकत नाही. म्हणून आम्ही त्याची मतपत्रिका त्याच्या पलटणीत पोस्टानं पाठवतो. त्यानं उमेदवाराच्या नावासमोर फुली करायची आणि ती लहान पाकिटात बंद करायची. 'हा मीच' असं एक प्रतिज्ञापत्र आपल्या अधिकाऱ्यासमोर सही करून वेगळं ठेवायचं. दोन्ही मोठ्या पाकिटात घालून आमच्याकडे धाडायचं. मोजणीला आम्ही आधी प्रतिज्ञापत्रं तपासतो आणि बाजूला काढतो. मग लहान पाकिटं एकत्र मिसळतो आणि उघडतो. त्यामुळं कुठली फुली कुणाची हे उघडणाऱ्यालाही कळत नाही. मतपत्रिकेवर ओळख पटेल असं काही लिहिलेलं असलं, तर ते मत बाद. व्यवस्था चांगली आहे. ज्यानं ती बसवली त्यानं आमच्या माळेवाडीची पोरं पाहिली नव्हती एवढंच.

बहात्तरला टपाली मतं उघडायला मी बसलो. पहिलं पाकीट उघडलं. मतपत्रिकेच्या पाठीवर, सुवाच्य अक्षरात, शिपाई नंबर, रँक आणि पूर्ण नाव. दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. फौजेत कागद हातात आला की त्यावर आधी नंबर, रँक, नाव घालायचं. ही शिस्त भरतीच्या आधीच पोरांच्या अंगात मुरवली होती कुणी? कॅप्टनसाहेबांनीच.

मी प्रांतसाहेबांकडे पाहिलं. त्या वेळचे प्रांतसाहेब नियमाला पक्के होते.

"बाद," ते म्हणाले.

दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी टेबलाला चिकटून उभे होते. कॅप्टनसाहेबांचा प्रतिनिधी ओरडला, "सायेब, आमाला दाखवल्याबगर बाद कसं करताय?"

"पाठ दाखवतो," प्रांतसाहेब म्हणाले. "पुढची बाजू नाही. पाठीवर नाव आहे. पुढची फुली दाखवली तर ह्या पोरानं कुणाला मत दिलं ते संध्याकाळी सगळ्या तालुक्याला कळेल. चालेल?"

हे दोघांनाही पटलं. मग मी एकेक मतपत्रिका उघडायचो, पाठ त्यांना दाखवायचो आणि बादच्या गठ्ठ्यात ठेवायचो. पुढची बाजू माझ्याकडे असायची. पाहायची नाही म्हटलं तरी डोळे काही मिटून घेता येत नाहीत. कॅप्टनसाहेबांच्या नावासमोर फुल्या थोड्याच होत्या. बहुतेक फुल्या भाऊसाहेबांच्या नावासमोर होत्या. आणि त्यांतल्या एका मतपत्रिकेच्या पाठीवर नाव होतं कॅप्टनसाहेबांच्या थोरल्या मुलाचं, विलासचं. तो नाईक झाल्याचे पेढे कॅप्टनसाहेबांनी आमच्या कचेरीत वाटले होते, म्हणून मला ते नाव पाठ होतं.

मी ती मतपत्रिका इतरांसारखीच पाठ दाखवून गठ्ठ्यात ठेवली. गठ्ठा सीलबंद झाला. मतमोजणीवर बसणाऱ्या प्रत्येकाला गुप्तता पाळायची असते. कायद्यात त्यासाठी शिक्षा आहे. मी घरीसुद्धा कधी बोललो नाही.

निकाल लागला आणि बाद झालेली फौजी मतं फरकापेक्षा जास्त निघाली. पुढचं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. नियम स्पष्ट होता म्हणून कोर्टात कुणी गेलं नाही. पण वरच्या गावांत एकच बोललं जाऊ लागलं, फौजेची मतं मोजली असती तर आप्पा आमदार झाले असते. पारावर, लग्नात, मयताला, सगळीकडे तेच. कॅप्टनसाहेबांनी ते मनात इतकं घट्ट धरलं की पुढची सगळी वर्षं ते पडलेले उमेदवार म्हणून नाही, तर हक्क हिरावून घेतलेला माणूस म्हणून वावरले. आणि कचेरीत समोर आले की मी तोंडात गुळणी धरून बसायचो.

तर अठ्ठ्याहत्तरचा तो दिवस.

"साहेब," कॅप्टनसाहेब म्हणाले, "बाहीर सगळी थांबल्यात. म्हनत्यात, आप्पा, तुमी सरा, वकील येतोय. मी सरतोबी. मला खुर्चीची हाव न्हाई. पर एक सांगा."

"विचारा."

"बहात्तरला ती कागदं तुमच्या हातात हुती. त्यात माझी किती हुती?"

"ते मला सांगता येत नाही."

"आकडा नगं. माझी जास्ती हुती का न्हाई, येवढंच."

"कॅप्टनसाहेब, तेही नाही."

"मग तोंडानं नगा बोलू. नुसती मान हलवा. मी फॉर्मवर सही करून उठतो."

"मान हलवली तरी ते सांगणंच झालं."

ते थोडं पुढं झुकले. आवाज खाली आणला. "आवं, माझ्या विलासचं मतबी तुमी त्यात बाद केलंत. पोरानं बर्फात बसून बापाला दिलेलं मत. त्येचं मला किती लागलंय, तुमाला काय सांगू."

हा माणूस एका 'नाही'वर घरी गेला असता. वकील निवडून आले असते की नाही ते सोडा, ह्या माणसाची पुढची धावपळ, फजिती आणि वणवण तरी वाचली असती. आणि तो 'नाही' माझ्याकडे होता. मी "आलोच" म्हणून उठलो आणि आत प्रांतसाहेबांकडे गेलो. हे नवे प्रांतसाहेब, बहात्तरचे बदलून गेले होते.

"सर, एका उमेदवाराला मागच्या मोजणीतली एक गोष्ट सांगितली तर त्याचं भलं होईल."

"कोणती गोष्ट?"

"सर, ती तुम्हालाही सांगता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मग मला विचारता कशाला?"

"नाही, म्हटलं, काही वाट असेल तर."

"वाट आहे. सांगून टाका आणि उद्या सस्पेंड व्हा. शिवाय दुसऱ्या उमेदवाराचं भलं होतंय की वाटोळं, तेही बघा. माघार घ्यायला लावली म्हणून भाऊसाहेब तुमच्या नावानं हायकोर्टात जातील."

ते खरंच होतं. मी परत येऊन बसलो. सांगता येईल तेवढं सांगायचं ठरवलं. म्हटलं, "कॅप्टनसाहेब, मागच्या वेळी काय झालं ते धरून ह्या वेळचा हिशेब मांडू नका. फौजेतली पोरं बदलतात, त्यांचं मत बदलतं. ती मतं नाहीतच असं समजून विचार करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"ही झाली सरकारी भाषा. माझी न्हवती, आसं तुमी म्हनाला न्हाईत. तसं आसतं तर तुमी घडाघडा बोलला असता. माझं चुकतंय म्हटल्यावर तुमच्यासारखा मानूस गप बसंल व्हय?"

मी गप्प बसलो, आणि माझं ते गप्प बसणं त्यांनी होकारात जमा केलं. त्यांनी कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवला, कडक सलाम ठोकला आणि बाहेर गेले. तीन वाजले. खिडकीतून दिसलं, जीपभोवतीच्या माणसांनी विड्या विझवल्या आणि कॅप्टनसाहेबांना न घेताच गाडी निघून गेली. ते एकटे एस.टी. स्टँडकडे चालत गेले.

लढत तिरंगी झाली. कलेक्टरांच्या अहवालात दुरुस्ती करायची गरज पडली नाही.

एक काम मात्र मी अंगावर घेतलं. सैनिकांना मतपत्रिका पाठवताना सोबत मराठीत एक चिठ्ठी सायक्लोस्टाइल करून घातली. 'मतपत्रिकेवर नंबर, रँक, नाव, सही, काही म्हणजे काही लिहू नये. लिहिल्यास मत बाद होईल.' प्रांतसाहेब म्हणाले, नियमात असा कागद नाही. मी म्हटलं, सर, नियमात असा कागद घालू नये असंही नाही. त्यांनी सही केली. तिकडे कॅप्टनसाहेबांनीही गावातल्या प्रत्येक जवानाला स्वतः पत्र लिहून तेच कळवलं. ह्या एका बाबतीत आमचं दोघांचं एकमत होतं.

मोजणी तालुक्याच्या एका गोदामात झाली. टपाली मतं आधी मोजतात. कॅप्टनसाहेब पहाटेच येऊन बसले होते. पहिलं पाकीट उघडलं, मी पाठ पाहिली. कोरी. दुसरी कोरी. सगळ्या कोऱ्या. कॅप्टनसाहेबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी पोरांचा कागद पहिल्यांदा दुरुस्त आला होता.

मग आम्ही उमेदवारांप्रमाणे गठ्ठे लावायला लागलो. भाऊसाहेबांचा गठ्ठा वाढत गेला. वकिलांचा बरा झाला. कॅप्टनसाहेबांचा गठ्ठा वाढेचना. त्यांना आधी वाटलं की मतपत्रिका चुकीच्या गठ्ठ्यात पडताहेत. टेबलावर वाकून एकेक फुली बघायला लागले. भाऊसाहेबांचा प्रतिनिधी एरवी भारी वाचाळ, तोसुद्धा खाली मान घालून बसला. सगळी मोजून झाल्यावर कॅप्टनसाहेब सरळ झाले, सदरा नीट केला आणि दारापर्यंत ताठ चालत गेले. पुढच्या फेऱ्यांना ते थांबले नाहीत. भाऊसाहेब पुन्हा थोडक्यात आले. वकील पडले. कॅप्टनसाहेबांना वरच्या गावांत पडलेली मतं त्या फरकापेक्षा जास्त होती.

उन्हाळ्यात माळेवाडीचा एक जवान सुट्टीवर आला होता. रहिवासी दाखल्यासाठी माझ्याकडे आला. काम झाल्यावर सहज बोलता बोलता त्यानंच विषय काढला.

"आप्पा लय खचल्यात, साहेब."

"तुम्ही लोकांनीच पाडलं त्यांना," मी म्हटलं. आता निकाल जाहीर होता, गठ्ठ्यांचे आकडे सगळ्यांना ठाऊक होते.

तो जरा लाजला. "त्येचं आसं हाय, आप्पा आमदार झालं की म्हमईला जानार. मग हितं आमच्या बायकापोरांकडं कोन बघनार? आमी तिकडं डोंगरावर. हितं म्हातारी आजारी पडली तर आप्पा हाय, मनिऑर्डर अडली तर आप्पा हाय. आमदार काय, कुनीबी हुईल. आमचं पलटनीत ठरल्यालंच हुतं. बहात्तरलाबी तसंच."

"हे आप्पांना सांगितलं का?"

"कोन सांगनार, साहेब? त्येंच्या तोंडावर?"

मला हसावं की रडावं कळेना. माणूस हवाहवासा आहे म्हणून त्याला पाडायचं, हे मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकत होतो.

कॅप्टनसाहेब पावसाळा लागायच्या सुमारास आले. हातात एका विधवेचा पेन्शनचा कागद. इस्त्री तीच, पण अंगानं उतरले होते. काम सांगून झालं तरी उठेनात.

"साहेब, ह्या खेपंला माझा गठ्ठा लहान हुता. मान्य. पर त्यात माझ्या विलासचं हुतं का?"

"मला माहीत नाही. ह्या वेळी पाठी कोऱ्या होत्या."

बोलून गेलो आणि जीभ चावली. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"ह्या वेळी," ते हळूच म्हणाले. "म्हंजे त्या वेळी म्हाईत हुतं."

मी काही बोललो नाही. मागच्या खेपेला मी गप्प बसलो तेव्हा त्यांनी चुकीचा अर्थ घेतला होता. ह्या वेळी बरोबर घेतला. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि मी पहिल्यांदाच नियमाला मनातल्या मनात शिवी दिली.

मतपत्रिकेविषयी बोलायची मला बंदी होती. कचेरीत दाखल्याला आलेल्या माणसाच्या बोलण्याविषयी नव्हती. म्हणून त्या जवानाचं नाव न घेता तो जे म्हणाला ते सगळं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

ऐकून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "आसं म्हनला व्हय?"

"असंच म्हणाला."

"गाढवाची पोरं," ते म्हणाले. "मला नुसतं इचारायचं तरी. मी अर्जच भरला नसता." टोपी परत डोक्यावर चढवली. पेन्शनचा कागद माझ्या पुढ्यात सरळ केला. "बरं, हिचं काम कवा हुईल? म्हातारी रोज दारात येऊन बसती."

"आठवड्यात करतो."

"गेल्या खेपंला आठवडाच म्हनाला हुता."

मी तो कागद घेऊन स्वतः उठलो आणि क्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवला.

कॅप्टनसाहेब पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. पुढच्या निवडणुकांत मी रिटर्निंग ऑफिसरही झालो. टपाली मतं उघडणाऱ्या प्रत्येक माणसाला एकच सूचना द्यायचो, मतपत्रिका आधी पालथी करा. पाठीवर अक्षर दिसलं की ती पालथीच बादमध्ये टाका. मत बाद करायला तेवढं पुरतं आणि नंतर बाजारच्या दिवशी कुणाच्या बापाला तोंड दाखवायची पंचाईत होत नाही.